करंट लागलेलं वाटण

हौसाबाय माझी थोरली जाऊ. तिच्याबद्दल कुणी विचारलं की मी आधीच सांगून टाकते, बाई लाखात एक, पण संशयी! पेणच्या बाजारात गेली की दुकानदारानं बांधलेली पुडी त्याच्याच समोर सोडायची. हळद तळहातावर घासायची, धणे दाताखाली फोडायची, सुकटीच्या ढिगात नाक खुपसायची, अन् मग सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणायची, "गेल्या सालचा माल हाय. कुणाला फसवतोस रं?" दुकानदार हात जोडायचा. मी मात्र तोंड फिरवून पलीकडच्या बांगड्यांच्या दुकानाकडं बघत राहायची.

पण खोटं कशाला सांगू, तिचं कधी चुकलं नाय. आमच्या गागोद्यात वाल सगळ्यांच्याच शेतात, पण शिजलेल्या बिरड्याचा एक घास घेऊन हे वाल नदीकडचे की वरच्या माळावरचे ते सांगणारी हौसाबाय एकटीच. गागोद्यापासून जित्यापर्यंत कुणाकडंही लग्न असो, बिरड्याचं वाटण तिच्याच हाताखाली व्हायचं. तिचा नवरा, दीनानाथ भावोजी, गेले तेव्हा तिचा पोरगा पुंडलिक लहान होता. लोकांच्या लग्नांत चुलीपुढं उभी राहून तिनं नाव कमावलं. मांडवात शिरली की बाया आपसूक बाजूला व्हायच्या. टोपात डाव घालून, फुंकर मारून ती थेंबभर जिभेवर घ्यायची अन् म्हणायची, "उतरा." मग ते कुणी दुसऱ्यानं चाखायचं नाय. उभ्या जन्मात तिला कुणी मीठ कमी की जास्त सांगितलं नव्हतं. माझी टाप नव्हती, दुसऱ्याची काय असणार?

आमची घरं एका भिंतीची. इकडं मी फोडणी दिली की तिकडून तिचा आवाज यायचा, "विमल, मोहरी जळली गो!" मला असा राग यायचा! स्वतःच्या घरात माणसाला मोहरीसुद्धा जाळायची सोय नाय.

स्वैपाकघरात नवी वस्तू आली की तिच्या कपाळाला आठी पडायची. मी कुकर आणला तेव्हा आठवडाभर ती माझ्या घरात पाणी प्यायली नाय. शिट्टी झाली की पलीकडून विचारायची, "कुणाला बोलवतंय ते?" पुरणयंत्र मात्र तिनं लगेच घेतलं. म्हणाली, "याला हातानं फिरवायला लागतं. हात फिरला की चव राहते." म्हणजे हातानं चालणाऱ्या यंत्रावर तिचा राग नव्हता, अन् सगळ्यात मोठा राग होता विजेवर. वायरमधून काय येतं ते डोळ्यांना दिसत नाय, नाकाला कळत नाय, मग त्याच्यावर भरोसा ठेवायचा कसा, असं तिचं म्हणणं.

अशा घरात सरू सून होऊन आली, ती मिक्सर घेऊन.

पुंडलिक तेव्हा नुकताच डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडं लागला होता. सरू रोह्याची, तिच्या बापाचं बाजारात शिलाईचं दुकान. पोर कामाला वाघ, पण उजवं मनगट जरा वाकडं. लहानपणी पडली होती, हाडवैद्यानं बसवलं ते तसंच बसलं. पाट्यावर वरवंटा ओढला की मनगट सुजायचं. म्हणून बापानं कपाट दिलं नाय, मिक्सर दिला. पाठवणीच्या वेळी त्या बिचाऱ्यानं हौसाबायला हात जोडून सांगितलं, "विहीणबाई, पोरीच्या हाताकडं बघा." हौसाबायनं हाताकडं बघितलं नाय, खोक्याकडं बघितलं.

तरी तिनं लगेच नको म्हटलं नाय बरं का. आधी भांडण लागलं चपलांवरून. बापानं सरूला बजावलं होतं, मिक्सर लावताना पायात चप्पल पाहिजे, नायतर करंट बसेल. हौसाबाय कडाडली, "माझ्या चुलीसमोर चप्पल? त्यापेक्षा मलाच बाहेर काढा!" दोन्ही बाजूंनी काय तोड निघेना. शेवटी मीच देवाचा पाट काढून दिला. लाकडावर उभं राहिलं की करंट बसत नाय म्हणतात. झालं! मिक्सर लावायचा म्हणजे सरूनं पाटावर उभं राहायचं, मंगलाष्टकाला नवरी उभी राहते तसं. मालू शेजारीण तर खास बघायला यायची अन् तोंडाला पदर लावून हसायची.

त्यातही हौसाबायनं कायदा केला. शेंगदाण्याचं कूट मिक्सरमध्ये चालेल, सुकी चटणी चालेल, पण बिरड्याचं वाटण पाट्यावरच. का, तर ओल्या खोबऱ्याला करंट लागतो. "माणसाला झटका बसला तर माणूस काळा पडतो," ती म्हणायची, "मग खोबऱ्याचं काय होत असंल?" सरूनं मान हलवली. दुखऱ्या हातानं जमेल तेवढं वाटायची. मला दया यायची, पण मी मध्ये पडले नाय. दुसऱ्याच्या सासुरवासात तोंड घालणारीला दोन्हीकडून बोलणी बसतात.

पुढं भादव्यात गावभर तापाची साथ आली. हौसाबायही पडली. नाक-डोळे गळायला लागले, अंथरूण धरलं. उठली ती रोडावलेली, अन् पहिला घास तोंडात घालून तिनं ताट सरकवलं.

"हे मिक्सरचं हाय," ती म्हणाली.

सरू म्हणाली, "नाय आत्या, पाट्यावर वाटलंय."

"मला शिकवतेस? करंट लागलाय याला. चव खाल्ली करंटनं."

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. रोज दुपारी भिंतीपलीकडून तेच. आज पण मिक्सर लावलास, काल पण लावलास, मी झोपले की लावतेस. सरू रडत नव्हती, उलट बोलत नव्हती, नुसतं "नाय आत्या" म्हणायची. आता मीही काय गौतमबुद्ध नाय. मला वाटलं, हौसाबायची जीभ चुकायची नाय, म्हणजे पोरगीच चोरटी. तोंडावर गरीब, पाठीमागं करणारी. कानामागून आली अन् तिखट झाली! मी आपली भिंतीला कान लावून बसायला लागले. पण मिक्सरचा आवाज म्हणजे काय मांजराचं पाऊल नाय, तो तर वेशीवर ऐकू जातो. मला कधी ऐकू आला नाय. ऐकू यायचा तो वरवंटा, थांबत थांबत.

मग माझा संशय फिरला. एक दिवस मी ताक द्यायला गेले, तर चुलीवर दूध उतू जाऊन करपलेलं, घरभर वास असा की डोळ्यांत पाणी यावं. अन् हौसाबाय तिथंच दाराशी, चुलीकडं पाठ करून लसूण सोलत बसलेली! सरू विहिरीवरून धावत आली तेव्हा कुठं हिनं मान वळवली. वर तिलाच म्हणाली, "दूध ठेवून गावभर फिरतेस?" मी मनात म्हटलं, अग्गोबाई! जिला माझी मोहरी भिंतीपलीकडून कळते, तिला हाताजवळचं दूध कळलं नाय? मुद्दाम जाळू दिलं. सुनेला कामातनं वाईट ठरवायचा डाव हाय हा.

पुढं आमटी खारट व्हायला लागली. कधी एवढी की पुंडलिक शिफ्टवरून येऊन नुसता भात-ताक खायचा. हौसाबाय म्हणायची, सरूनं मीठ टाकलं. सरू म्हणायची, चुकून पडलं असंल. मला वाटायचं, एक तरी खोटं बोलतेय, नायतर दोघी. त्या घरात कुणाच्या मनात काय चाललंय तेच कळेना. माझं स्वतःच्या चुलीवरचं लक्ष उडालं.

तुळशीची लग्नं लागली अन् जित्याहून गिरजाबाई आली. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. बाई तालेवार, गळ्यात बोरमाळ, बोलणं मोठ्यानं. गेल्या साली तिच्या पुतणीच्या लग्नात हौसाबायच्या बिरड्यावर पनवेलचे पाहुणे खूश होऊन गेले होते. आता तेच बिरडं मुलाच्या लग्नात पाहिजे होतं. ओटीवर आम्ही सगळ्या बसलो. मालूही आली होती, ती नाय असं कधी होतं?

गिरजाबाईनं सहज विचारलं, "सून कशी हाय?" अन् हौसाबायनं तोंड सोडलं. मिक्सर, करंट, चोरून वाटण, खारट आमटी, जळलेलं दूध, सगळं परक्या बाईपुढं ओतलं. सरू आत चहा करत होती, तिला शब्द न् शब्द ऐकू जात होता. शेवटी हौसाबाय म्हणाली, "तुमचं लग्न होऊ द्या. मग तिला अन् त्या मिक्सरला रोह्याला पाठवते. पुंडलिकला सांगून झालंय माझं."

पुंडलिक आईच्या शब्दाबाहेर जाणारा नाय. पोरीचा संसार मोडायला निघाली की ही! माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "बाय, तुझी जीभ एवढी खरी, तर होऊन जाऊ दे. सरू दोन वाटणं करील, एक पाट्यावर अन् एक मिक्सरमध्ये. दोन वाट्या तुझ्यापुढं ठेवते. मिक्सरची कोणती ते सांग. सांगितलंस तर मी स्वतः सरूला रोह्याला सोडून येईन. नाय सांगितलंस, तर ह्या घरात पुन्हा मिक्सरचं नाव काढायचं नाय."

गिरजाबाईनं टाळी वाजवली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? करा, करा! आम्हालाही बघू द्या ती जीभ." मालू पुढं सरकून बसली. हौसाबाय मात्र माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाय. मला वाटलं राग हाय. "कर," एवढंच म्हणाली.

मी आत गेले. सरूनं खोबरं, मिरची, लसूण, कोथिंबीर घेतली, पाट्यापाशी बसून वाटलं. मी म्हटलं, "आता दुसरं मिक्सरला लाव, चल, पाटावर उभी राहा." ती हलेना. मी दटावलं तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, "काकी, तो चालत नाय. भांडं ज्याच्यावर बसतं ती काळी दातेरी चकती ढिली झाली होती, ती कुठं गेली ती सापडत नाय. दसऱ्याला पुसायला काढला तेव्हापासून बंद हाय."

"मग इतके दिवस वाटत होतीस कशावर?"

तिनं मनगट पुढं केलं. चांगलं टम्म सुजलेलं. "आत्यांना सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, पाटा टाळायला बहाणा करते."

माझं डोकं फिरलं! दसऱ्यापासून मिक्सर बंद, अन् ही बाई रोज करंट करंट करून पोरीचा जीव घेते? म्हणजे चव नाय, जीभ नाय, नुसता खोटेपणा. नाचता येईना अंगण वाकडं! मी एकच वाटण दोन वाट्यांत भरलं. सरूनं माझा हात धरला, "काकी, नको," म्हणाली. मी तिचा हात झटकला. आज हिचं बिंग फोडतेच, असं म्हणून मी वाट्या ओटीवर नेऊन ठेवल्या. गिरजाबाईचं मोठ्यानं बोलणं चालूच होतं, म्हणून आत मिक्सर वाजलाच नाय हे कुणाच्या ध्यानात आलं नाय.

हौसाबायनं पहिल्या वाटीत बोट बुडवून चाटलं. पाणी प्यायली. दुसऱ्या वाटीतलं चाटलं. मग पुन्हा पहिलं. वाटी नाकाशी नेली. मी तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होते, आता खोटं बोलेल अन् मी पकडीन. पण ती बोलेचना. तिचा एक हात कनवटीला गेला अन् तिथंच घट्ट बसला.

"सांगा की हौसाबाई," गिरजाबाई हसली. "जिभेला काय झालं?"

अन् एवढ्यात सरू दारातून पुढं आली. "ती उजवीकडची मिक्सरची, आत्या," म्हणाली. "तुम्ही ओळखलीत, मला कळलं. मी रोज चोरून लावत होते. चुकले मी."

मी आ वासून बघत राहिले. मालू म्हणाली, "अगं बया!" गिरजाबाईनं मांडीवर थाप मारली, "बघा! तोंडातनं शब्द निघायच्या आत पोरीनं कबूल केलं. याला म्हणतात जीभ!" मी तोंड उघडलं, सगळ्यांना ओरडून सांगणार होते की दोन्ही वाट्यांत एकच वाटण हाय, ही पोर खोटं बोलते. पण हौसाबायनं हात वर करून मला थांबवलं.

ती सरूकडं बघत होती. मग तिनं कनवटीची गाठ सोडली. आतून एक काळी दातेरी चकती काढली अन् वाट्यांच्या मध्ये ठेवली.

"मिक्सरची कशी असंल गो?" ती म्हणाली. "ही तर माझ्यापाशी हाय."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं अन् आम्ही चोर गावभर शोधत होतो.

"दसऱ्याच्या दिवशी मीच काढली," हौसाबाय म्हणाली. "म्हटलं, आता बघू कशी करंटचं वाटते. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले, अन् तीच माती. तिसऱ्या दिवशी तीच. मिक्सर बंद, तरी चव नाय. तेव्हा मला कळलं करंट कुठं लागलाय ते." तिनं स्वतःच्या तोंडाला हात लावला. "तापातनं उठले तेव्हापासून मला मीठ कळत नाय, तिखट कळत नाय. दूध जळलं तेपण कळलं नाय. आमटीत मीच मीठ टाकत होते, पुन्हा पुन्हा, लागेल म्हणून. अन् हिला बोलत होते. मला भीती वाटली गो. जीभ गेली तर हौसाला कोण विचारणार? हिला रोह्याला पाठवली असती तर सगळं तिच्या माथी गेलं असतं."

मग तिनं सरूला विचारलं, "तुला कधी कळलं?"

सरूनं खाली बघत सांगितलं, "दूध जळलं तेव्हा. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

एवढं ऐकलं अन् मला रडूच आलं. मी, जी कुणाच्या मयतालाही पटकन रडत नाय! सुजलेल्या हाताची ती पोर, घर सोडून जायला तयार झाली, पण सासूचं नाव जाऊ देईना. अन् आम्ही दोघी जावा तिला चोर ठरवून बसलो होतो. हौसाबायवर मला एवढा संताप आला होता की तिथल्या तिथं तिला बोलून घेतलं, "आधी सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का?" तिनं चकती उचलून सरूच्या हातात ठेवली.

गिरजाबाईनं चहा संपवला. "बघते, कळवते," म्हणाली अन् पायऱ्या उतरली. मागं वळून पण बघितलं नाय त्या मेलीनं. पुढं कळलं, पेणहून आचारी बोलावला. मालूनं दिवस मावळायच्या आत गावभर केलं. त्या साली हौसाबायला एकाही लग्नाचं बोलावणं आलं नाय. पुंडलिकनं पेणला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, तापानं असं होतं, येईल तर येईल परत, नाय तर नाय. हौसाबाय घरी आली अन् पडवीत बसून राहिली. चुलीकडं फिरकेना. मिक्सर पुन्हा चालू झाला, पाटावर उभी राहून सरू सगळं वाटायची, अन् हौसाबाय एक शब्द बोलायची नाय. ती बोलायची तेव्हा मला राग यायचा, पण हे गप्प राहणं त्याहून वाईट होतं. मी मुद्दाम मोहरी जाळून बघितली. पलीकडून काही आवाज आला नाय.

अन् मग एक दिवस पुंडलिकला सुट्टी होती, म्हणून सरूनं वाल भिजवून मोड आणले होते. मी डाळिंब्या सोलू लागायला गेले होते. सरूनं मिक्सरला वाटण लावलं. तेवढ्यात हौसाबाय पडवीतून उठून आली. सरूच्या हातातून डाव घेतला, स्वतः फोडणी दिली, वाटण परतलं, वाल घातले. हात अजून तोच होता, कुठं अडखळला नाय. उकळी आली, तशी तिनं मीठ घातलं अन् थांबली. डाव टोपात घातला, फुंकर मारली. तिनं तो डाव स्वतःच्या तोंडाशी नेला नाय, सरूच्या पुढं केला.

"बघ गो," म्हणाली.

सरूनं चाखलं. माझ्याकडं बघितलं. त्या बाईला खोटं सांगायची तिला सवय लागली होती, आता काय बोलते म्हणून माझा जीव वर-खाली.

"कमी हाय, आत्या," सरू म्हणाली. "मीठ कमी हाय."

हौसाबायनं बरणीतून चिमूट घेतली, टोपात टाकली, ढवळलं, अन् डाव पुन्हा तिच्यापुढं धरला.

"आता?"